तर्जनी, अनामिका आणि आईचा हात

परवा संकष्टीला बोरिवलीला आईकडे गेले, तर केतकीने दारातच माझा हात धरला. कशी आहेस वगैरे काही नाही... तिच्या दुसऱ्या हातात फूटपट्टी होती.

केतकी माझी धाकटी बहीण. छत्तीस वर्षांची. आईजवळच राहते, ऑफिसचं काम घरून करते. गेल्या वर्षी तिला ऑटिझम असल्याचं निदान झालं. इतक्या उशिरा का, तर मुलींचं लवकर लक्षातच येत नाही म्हणे. त्या निमूट बसतात, बाकीच्यांची नक्कल करत दिवस काढतात, आणि घरचे माणूसघाणी म्हणून मोकळे होतात. आमच्या घरातही हाच शब्द होता.

तेव्हापासून ती या विषयावर मिळेल ते वाचते. सध्या बोटं चालू आहेत.

"तर्जनी आणि अनामिका," ती म्हणाली. "तळव्याजवळच्या घडीपासून टोकापर्यंत. नख धरायचं नाही."

गोष्ट अशी. बाळ पोटात असताना त्याला जे हार्मोन्स मिळतात, विशेषतः टेस्टोस्टेरॉन, त्यांचा बोटांच्या लांबीशी संबंध असावा असं काही संशोधकांना वाटतं. हे हार्मोन जास्त, तर अनामिका तर्जनीपेक्षा लांब. मग पुढचा प्रश्न... त्याचा ऑटिझमशीही काही संबंध असेल का, आणि बायकांच्या बोटांवरून तो दिसेल का? कुणाला दिसतो, कुणाला दिसत नाही. अजून एकमत नाही.

माझी अनामिका चांगलीच लांब निघाली. केतकीची दोन्ही बोटं जवळजवळ सारखी.

"हे उलटंच झालं की गं," मी म्हटलं. "या हिशोबाने ऑटिझम मला असायला पाहिजे."

"तुला? तू रिक्षावाल्यालासुद्धा घरचं सगळं सांगतेस." ती खूश दिसत होती. "हे सरासरीचं असतं ताई. एकेका माणसाला लावायचं नसतं."

"मग मोजतेस कशाला?"

"बघायला."

आई ओट्याशी मोदकांची उकड मळत होती. केतकी तिच्याकडे वळली.

"माझे हात पिठात आहेत," आई म्हणाली.

थोड्या वेळाने केतकी परत गेली. आता हात तेलाचे होते. तिसऱ्यांदा गेली तेव्हा आई भडकली. "काय गो, सकाळपासून तेच? मोदक कोण करणार, तुझी फूटपट्टी?"

मी हसले. मग लक्षात आलं की उकड मळून झाली होती, हात धुऊन झाले होते... आणि आईने ते पदरात गुंडाळून धरले होते.

"पोटात असताना म्हणजे... आईमुळेच ना?" तिने विचारलं. आम्हाला नाही, परातीकडे बघून.

मग हळूहळू बोलली. केतकीच्या वेळी तिसऱ्या महिन्यात रक्त जायला लागलं होतं. तेव्हा आम्ही दहिसरला चाळीत राहायचो. डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं आणि इंजेक्शनं दिली, हार्मोनची. मूल राहावं म्हणून. मला यातलं काहीही माहीत नव्हतं. केतकीच्या तोंडून हार्मोन हा शब्द ऐकल्यापासून आई एकटीच हे घेऊन बसली होती...

मी लगेच म्हणणार होते, छे गं, तुझा काय दोष. आपण असं पटकन म्हणून टाकतो. केतकी पटकन काही म्हणत नाही.

"कसली इंजेक्शनं?" तिने विचारलं.

"नाव कोण विचारतंय तेव्हा?"

"मग मला माहीत नाही. काहीच संबंध नसेल. किंवा असेलही. नक्की कुणालाच माहीत नाही."

मला तिला चिमटा काढावासा वाटला.

"ती घेतली नसतीस तर मी असते का?" केतकीने आईला विचारलं.

"नसतीस बहुतेक."

"मग बरं झालं घेतलीस." केतकीने फूटपट्टी ओट्यावर ठेवली. "आई, मी चूक शोधत नाहीये. मी कुणासारखी आहे ते बघतेय. ताईसारखी तर नाहीच."

मग आईने पदरातून उजवा हात काढला आणि तळवा वर करून ओट्यावर ठेवला.

दोन्ही बोटं सारखी. केतकीसारखीच.

यावरून काहीही सिद्ध होत नाही, हे केतकीने दोनदा बजावलं. मान्य. पण माझं लक्ष आता बोटांवर नव्हतं... एका रेषेत लावलेल्या डब्यांवर होतं. त्यातला एक सरकला तरी आई बेचैन होते. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी ती कानांवर हात ठेवते. पाहुणे आले की स्वयंपाकघरात जाते, आणि ते गेल्याशिवाय बाहेर येत नाही. सगळे तिला कामसू म्हणत आले. केतकी खोलीत जाऊन दार लावून घ्यायची, म्हणून ती माणूसघाणी.

संध्याकाळी शेजारच्या बायका आरतीला यायच्या होत्या. बेल वाजली तशी केतकी खोलीकडे निघाली.

"तिकडे कुठे?" आई मोदकाला कळ्या पाडता पाडता म्हणाली. मान वर न करता. "इथे ये. इथे कुणी येत नाही."

केतकी वळली. आईने थोडी उकड तिच्यापुढे सरकवली.

दार मी उघडलं. बाहेर बोलायला मी होतेच, माझी लांब अनामिका घेऊन... आत त्या दोघी होत्या, आणि आतून काहीच आवाज येत नव्हता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला त्या शांततेची काळजी वाटली नाही.