पोलीस झालेली सोनी

अक्षर वाकडं आहे, चुकाही असतील. चौथीपर्यंतच शिकले, म्हणून आधीच माफी मागते. पण काल पाहिलेलं डोळ्यांपुढून जात नाही.

आमच्या पारध्यांच्या वस्तीवर तालुक्याहून वकीलताई येतात, पोरांना हक्क शिकवतात. काल त्यांनी खेळ मांडला. शेजारची सोनी पोलीस झाली. काठी हातात येताच तिची मान, चाल, आवाज सगळं बदललं.

"ए, चल गाडीत!"

माझी मंदा लगेच डोक्यावर हात ठेवून उकिडवी बसली. बापाला नेताना तिने तेच पाहिलंय. भातुकलीत इतर पोरी भाकरी थापायला शिकतात, तशा आमच्या पोरी हे शिकल्या. कुणाला शिकवावं लागलं नाही.

ताई म्हणाल्या, "मंदा, ऊठ. विचार त्याला, मला का नेता?"

मंदा उठली. हळूच म्हणाली, "सायेब, मला का नेता?"

यापुढे पोलीस काय बोलतो, ते सोनीने कधी ऐकलं नव्हतं. मग तिने काठी उगारली.

"अगं, पोलिसाने कारण सांगायचं असतं."

सगळी पोरं हसली. "ताई, तुम्ही पोलीस बघितलाय का कधी?"

मंदा हसली नाही. उगारलेल्या काठीखाली ती उभीच होती, उत्तराची वाट बघत.