खोक्यात एकच कमी

कपाट आवरताना बंदुकीच्या दारूचा वास आला आणि सशाच्या शिकारीची, पॅडॉकमधली म्हणजे कुंपणातल्या कुरणातली, ती गारठलेली सकाळ आठवली. ससा जखमी होऊन पळाला तर, या धास्तीने मी दुकानात चारदा मत बदलून मोठं काडतूस घेतलं होतं. "छोटं पुरे, मेट. रिकामं झालं की परत भरताही येतं," तिथे पोचल्यावर शेतमालक म्हणाला. मी ऐकलं नाही. बार उडाला, आणि ओल्या गवतात सशाचं उचलण्यासारखं काही उरलंच नाही. घरी बायकोने वाटण करून ठेवलं होतं. "फार्मासिस्ट ना तू? पेशंटला एवढा डोस देतोस?" ती म्हणाली. आता रिकामी झालेली छोटी काडतुसं मीच घरी परत भरतो, तरी दर वेळी जीव खालीवर होतो: कमी पडलं तर? मोठ्या काडतुसांच्या खोक्यात मात्र अजून एकच कमी आहे.