कानशीचे दात

बाबांचा एकच कडक नियम होता आणि तो मी मोडला. हे आधीच सांगून टाकतो. आडून आडून सांगत बसलो तर कुठेतरी मी स्वतःला सूट देईन, आणि ती मला द्यायची नाही.

आमचं काम जुन्या हत्यारांपासून नवी हत्यारं करण्याचं. ट्रकच्या स्प्रिंगांच्या मोडक्या पाट्यांचे कोयते आणि झिजलेल्या कानशींच्या सुऱ्या. पाटे फोंडाघाटातल्या गॅरेजांतून यायचे, कानशी होड्या बांधणाऱ्यांकडून. कानस म्हणजे लोखंड घासायचं हत्यार, तिच्या अंगभर बारीक तिरपे दात. जुन्या कानशीचं पोलाद असं कडक, की सुरीला एकदा धार लावली की मासे कापणारी बाई कितीतरी दिवस दगडाकडे बघायची नाही. पण बाबा म्हणायचे, "आधी दात काढ, मगे आगीत घाल." सगळे दात घासून पाठ गुळगुळीत झाल्याशिवाय ते कानस भट्टीत जाऊच देत नसत. का, तर लाल झालेलं पोलाद तेलात बुडवलं की दाताच्या खाचेत केसाएवढी चीर पडते. ती तेव्हा दिसत नाही. दिसते ती पुढे कधीतरी, वापरताना.

मला त्या घासण्याचा भयंकर वैताग यायचा. अर्धा दिवस तेच, खांदे भरून यायचे, नाकात काळी धूळ. कुरकुर केली की बाबा म्हणायचे, "तुका घाई आसा तर भजी तळूक बस." तसा माणूस. कौतुक नाही, शिवी नाही, फक्त हे असं एक वाक्य.

बाबा गेले. पुढे किनाऱ्यावर पर्यटक वाढले, तोंडवलीकडे तर माडामाडाखाली होमस्टे झाले. एकदा पुण्याकडचं एक जोडपं आमची शेड बघायला आलं. त्यांच्या हातात नेमकी अशी सुरी पडली, जिच्या पाठीवरचे दात मी कंटाळून तसेच ठेवले होते. बाई म्हणाली, "अय्या, किती छान दिसतंय हे! काढू नका हं." फोटो काढले. ते फोटो कुठे कुठे फिरले देव जाणे, पण फोनवर मागण्या यायला लागल्या आणि सगळ्यांना दातवालीच सुरी हवी. मला तर आयतंच सापडलं. जे काम करायचा कंटाळा, तेच न करण्याचं कौतुक! सुंठेवाचून खोकला गेला. आणि तक्रार कोण करणार? त्या सुऱ्या शहरात टोमॅटो कापत होत्या, नाहीतर भिंतीवर टांगलेल्या होत्या.

आता काकी. ती माझ्या नात्यातली नव्हे, सगळं गावच तिला काकी म्हणतं. होड्या लागतात तिथे बसून ती मासे कापून द्यायची. मासा कुणाकडूनही घ्या, कापायला काकीकडे. नवरा गेल्यावर दोन मुली तिने त्या जागेवर बसून वाढवल्या, त्यांची लग्नं केली. बाबांच्या वेळेपासून तिच्या हातात आमचीच सुरी.

नारळी पौर्णिमा होऊन होड्या परत समुद्रात जायला लागल्या होत्या. एका सकाळी काकी घाईघाईत शेडात आली. जुनी सुरी झिजून झिजून बोटाएवढी उरली होती.

"माका आताच व्हयी रे. सुरमय इली हा."

शेडात एकही साधी सुरी नव्हती. कित्येक महिन्यांत मी केलीच नव्हती. फळीवर होत्या त्या सगळ्या दातवाल्या. त्यातली सर्वांत लांब उचलून मी तिला दिली. तिने पाठीवरून बोट फिरवलं.

"ही काय रे? खरूज इल्यासारखी दिसता."

"नवीन फॅशन आसा, काकी."

"मासळीक खंय फॅशन कळता रे मेल्या?" म्हणाली, आणि आम्ही दोघेही हसलो.

मनात पाल चुकचुकली होती, खोटं कशाला बोलू. हिने टोमॅटो थोडेच कापायचे आहेत, ही सुरमईच्या काट्यावर जोर देणार, हे मला कळत होतं. नुसतं "दोन दिवस थांब, घासून चांगली करून देतो" एवढं म्हणायला काय जात होतं माझ्या बापाचं? नाही म्हटलं. चालून जाईल, असं वाटलं. आजवर चाललंच होतं ना.

तिसऱ्या दिवशी एक रिक्षावाला शेडासमोर थांबला आणि बसल्या जागेवरून ओरडला, "काकीची सुरी मोडली!" मग म्हणाला, "हात कापलो."

मोठी सुरमई होती. काकीने उजव्या हातात मूठ धरली, डावा तळवा पात्याच्या पाठीवर ठेवला आणि काट्यावर सगळा भार दिला. तिची नेहमीचीच पद्धत. पातं मधोमध तुटलं आणि डावा हात सगळ्या भारासकट तुटक्या पोलादावर गेला. मी पोचलो तोवर तिला गोव्याच्या इस्पितळात नेलं होतं. वाळूवर सुरीचे दोन तुकडे पडले होते. उचलून बघितले. तुटलेली कड अर्धी पांढरी लख्ख होती आणि अर्धी काळी. पांढरा भाग आजचा. काळा भाग जुनी चीर, माझ्या भट्टीत पडलेली, आत तेल जाऊन काळी झालेली. ती बरोबर एका दाताच्या खाचेतून निघाली होती.

ते तुकडे मी खिशात घातले. दुसऱ्या कुणाला दिसू नयेत म्हणून. हो, तेवढ्याचसाठी.

जखम भरली, पण आंगठा वळेना. शीर जोडली होती, तरी तो खुंटासारखा ताठ राहिला. डॉक्टरांनी सांगितलं, आता एवढाच. काकी एकदा परत जाऊन बसली, पण डाव्या हातात मासा धरता येईना, सारखा सुटून वाळूत पडायचा. गिऱ्हाईकं थोडा वेळ थांबली, मग हळूच पलीकडच्या बाईकडे सरकली. आठवडाभराने तिने बसायचा पाट उचलून घरी नेला.

कुणी माझ्या सुरीला बोललं तर ती त्याच्या अंगावर जायची. "तेच्या बापाशीच्या सुरयेन माझी चेडवां वाढली. सुरयेक नावां ठेवशात तर याद राखा. माझोच हात चुकलो, देवाची करणी." हे मला लोकांकडून कळायचं. दातवाल्या सुऱ्या मी बंद केल्या. मोठे उपकार केले!

शेवटी राहवेना. तिच्या घरी गेलो. ती पडवीत सुकट निवडत बसली होती, एका हाताने. तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं. बाबांचा नियम, माझा कंटाळा, काळी चीर, खिशातले तुकडे. सुकट निवडणारा तिचा हात थांबला होता.

"झाला सांगून?"

"हां."

"आता तुका बरा वाटला?"

खरं म्हणजे क्षणभर वाटलं होतं, आणि ते माझ्या तोंडावर दिसलं असणार.

"माझो आंगठो वळतलो काय आता?"

"नाय गो काकी."

"मगे कित्याक सांगलंस?" तिचा आवाज चढला नव्हता. "इतके दिस मी देवाक गाळी घालय होतंय. तो बरो, समोर येणा नाय. तू रोज माझ्या दारासमोरसून जातलंस."

आणि ती परत सुकट निवडायला लागली.

आता मी त्या वाटेने जात नाही. खाली खाजणातून जातो. लांब पडतं, भरतीला गुडघाभर पाणी असतं.