विचारणारा माणूस

आमच्या रानात पावसाचा थेंब नव्हता, त्या वर्षांत टीव्हीत मात्र तो बक्कळ पडायचा. आठवड्यातून एकदा, दिवेलागणीला, दूध सोसायटीच्या खोलीत. लांब कोट घातलेला एक माणूस छत्री घेऊन कुठल्यातरी मोठ्या शहराच्या रस्त्यानं चालत यायचा. पडद्यावर मुंग्या सारख्या नाचत असायच्या, त्यामुळं पाऊस कुठला आणि मुंग्या कुठल्या हे आम्हाला कधी नीट कळलं नाही. त्या मालिकेचं नाव आता मला आठवत नाही. कुणी सांगितलं तरी मी मान्य करणार नाही, कारण माझ्या डोक्यात जी मालिका आहे ती बहुतेक निम्मी मीच रचलेली आहे.

गाव येडशीच्या अलीकडं, रामलिंगाचा डोंगर दिसेल इतक्या अंतरावर. दुष्काळात शेतानं पाठ फिरवली तेव्हा दुधानं कशीबशी घरं तगवली, म्हणून सोसायटीचा गावात मोठा मान. माझे वडील, म्हणजे आप्पा, सोसायटीचे सेक्रेटरी होते. टीव्हीच्या कपाटाची किल्ली त्यांच्या करगोट्याला असायची. संध्याकाळचं दूध घालून झालं की लोक तिथंच पोत्यांवर बसकण मारायचे. खोलीत कॅनचा, दुधाचा, घामाचा वास एकत्र व्हायचा. कपाट उघडलं की अख्ख्या खोलीवर निळसर उजेड पडायचा आणि रोजचीच माणसं मला पाण्याखाली बसल्यासारखी दिसायची.

तो माणूस खाजगी गुप्तहेर होता. हे गावाच्या पचनी पडायला बराच वेळ लागला. "सरकारी न्हाय, वर्दी न्हाय, मग ह्येला कोण दबतंय?" असं प्रत्येक भागाला कुणीतरी म्हणायचंच. पण तो कुणाला दबवायचाच नाही. चोरी झालेल्या घरी जायचा, स्वयंपाक्यापासून म्हाताऱ्या मालकिणीपर्यंत प्रत्येकासमोर खुर्ची ओढून बसायचा, काय झालं ते विचारायचा आणि गप्प राहायचा. समोरचा बोलेपर्यंत गप्प. बाहेर पाऊस पडत राहायचा. गावकऱ्यांना हा भाग फार कंटाळवाणा वाटायचा. आमच्याकडं माणूस तोंड बघूनच सांगतो चोर कोण ते.

माझ्या आत्याला मात्र तोच भाग आवडायचा. आत्या आप्पांची धाकटी बहीण. बहात्तरच्या दुष्काळात, मी रांगत असताना, आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीकडच्या सासरहून ती माघारी आली, ती आमच्याकडंच राहिली. तिच्या नवऱ्यानं पुढं दुसरी केली. ती का आली हे आमच्या घरात कुणी बोलत नसे. आई तिला मानानं वागवायची, आप्पा बाजारातून आईला लुगडं आणलं की तिलाही आणायचे, आणि तेवढ्यावर सगळं मिटलं आहे असं आम्ही धरून चाललो होतो. मी तेव्हा दहावीला होते, म्हणजे शहाणपणाचा कळस. टीव्ही लागला की ती दुधाची बादली काखेला लावून दारात उभी राहायची, बस म्हटलं तरी बसायची नाही. मी तिला चिडवायचे, "आत्या, आला बघ तुझा कोटवाला." ती हसायची. एकदा म्हणाली, "त्यो इचारतो आन् बसतो बघ. इचारून निघून जात न्हाय."

मला तेव्हा वाटलं, आत्याला तो दिसायला आवडत असावा. आवडतही असेल, कुणाला ठाऊक.

एका भागात मोठ्या घरातला हार गेला. संशय कामवालीवर. कोटवाला नेहमीसारखा तिच्यासमोर बसला, आणि ती बाई रडत राहिली, बोलेचना. खोलीत चुळबुळ सुरू झाली. तेव्हा आप्पा, जे एरवी टीव्ही चालू असताना शब्द काढत नसत, ते मोठ्यानं म्हणाले, "कशाला एवढी इचारपूस? समद्यांना तांदूळ चारा की. आत्ता निकाल लागंल."

सगळी खोली हसली. आमच्या भागात वस्तू हरवली की मंतरलेले कोरडे तांदूळ घरातल्या सगळ्यांना चघळायला देत. ज्याचं मन साफ त्याच्या तोंडाला पाणी सुटतं, तांदूळ ओले होऊन पडतात. जो चोर त्याचं तोंड भीतीनं कोरडं, तांदूळही कोरडे. याच्यापुढं अपील नाही.

मी हसत दाराकडं पाहिलं. आत्या तिथं नव्हती.

घरी आलो तेव्हा ती चुलीपुढं भाकरी थापत होती. आप्पांनी हातपाय धुतले, पाटावर बसले. तिनं ताट वाढलं, आणि माघारी चुलीकडं न जाता त्यांच्या समोरच बसली. टीव्हीतला माणूस बसतो तशी नव्हे, त्याच्या समोरचा बसतो तशी. चुलीचा जाळ तिच्या अर्ध्या तोंडावर हलत होता.

"दादा," ती म्हणाली, "मलाबी तांदूळच चारले हुते."

आप्पांचा घास हातातच राहिला. "आता कशाला त्ये, बाई."

"आताच. सासूची बोरमाळ गेली, म्हणून आमा समद्या बायांना बशिवलं. मी दिसभर खडी फोडून आल्ते. तिथनं बारवंला गेले. दोन घागरी गाळ उपसून भरल्या, त्या घरात वतल्या. मंग सगळ्यांनी पेल्यावर माझ्या वाटणीला ऱ्हायलंच न्हाय. तसंच तांदूळ तोंडात घातले. कोरडे पडनार न्हाईत तर काय व्हनार?"

मला आठवतं ते असं की आईनं कंदिलाची वात वर केली आणि घर फार मोठं झालं, भिंती लांब गेल्या. खरं तर तेवढी मोठी खोली नव्हतीच ती.

"त्येंचं सोडा," आत्या म्हणाली. "त्येंनी इचारलं न्हाय, त्ये परके. तुमी का न्हाय इचारलं?"

आप्पांनी ताट बाजूला सारलं. ते खोटं बोलणारे गृहस्थ नव्हते, आणि त्या घडीला मला वाटलं की बोलले असते तर बरं झालं असतं. "मला वाटलं, तू घेतली असशील," ते म्हणाले. "दुष्काळच तसला हुता. भुकेपायी घेतली असंल. म्हणून म्या कधी इषय काढला न्हाय."

"आन् तरी ठिवून घेतलं?"

"बहीण न्हाईस व्हय माझी?"

आत्या त्यांच्याकडं बघत राहिली. याच्याइतकं प्रेमाचं आणि याच्याइतकं जिव्हारी लागणारं वाक्य मी आजवर ऐकलेलं नाही. इतकी वर्षं माझा बाप तिला माफ करत होता, आणि तिला वाटत होतं की तो तिच्यावर विश्वास ठेवतोय. मला आप्पांचा भयंकर राग आला आणि त्यांची कीवही आली. ती उठली, भाकरी करपली होती ती काढली.

सकाळी आप्पांनी सोसायटीची किल्ली आईकडं दिली आणि पहिली एसटी धरून वाशीकडं गेले. कशाला चाललो ते सांगितलं नाही. आत्यानं दिवसभर अंगण सारवलं, शेण संपलं तेव्हा उगीच झाडत बसली. ऊन नुसतं पांढरं होतं, रस्त्यावर पाण्यासारखं काहीतरी चमकायचं आणि माणूस जवळ आला की नाहीसं व्हायचं. त्या चमकण्यातूनच दिवस कलताना आप्पा चालत येताना दिसले, आधी नुसती टोपी, मग धोतर.

ते ओसरीवर बसले. आत्या खांबाला टेकून उभी राहिली.

"बोरमाळ गावली," आप्पा म्हणाले. "आत्ता न्हाय. तवाच. पुढल्या साली पाऊस झाला, नवरात्राच्या आधी वाकळा धुवाय वढ्याला नेल्या, तर सासूच्याच वाकळंत टाचलेली. चोराच्या भ्यानं तिनंच टाचली आन् इसरली."

दुष्काळात वाकळा धुवायला पाणी कुणाकडं होतं?

आत्या अगदी हळू म्हणाली, "मग सांगावा का न्हाय धाडला?"

आप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"म्या बी त्येच इचारलं. म्हनाले, तुमच्याकडनं कुनी इचारायलाच आलं न्हाय."