एवढा फरक नाही

नलू गेल्याचं मला तिच्या धाकट्या भावानं, दिलीपनं, फोनवर सांगितलं; दवाखान्यानं नातेवाईक म्हणून आधी त्यालाच कळवलं होतं. "ताई गेली," एवढंच म्हणाला… बहिणीशी अबोला धरलेल्या माणसाला पुढे काय बोलावं ते सुचत नसावं. महिना उलटला, मलाही सुचत नाही. नुसतं थकल्यासारखं होतं.

मुलुंडला आम्ही एकाच मजल्यावर राहायचो. नलू धान्यातली खनिजं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होती. स्फुरदाचं, म्हणजे फॉस्फरसचं, खत भरमसाट घातलं तर गव्हाच्या दाण्यात जस्त कमी उतरतं, आदल्या हंगामात शेतात हरभरा होता की मोहरी यानंही फरक पडतो, हे ती मला भाजी निवडता निवडता समजवायची. निवृत्तीनंतर गव्हातलं जस्त ताडून बघायला तिनं दिलीपच्याच शेतात वाफे आखले. कुठे खत वेगळं, कुठे पिकांची फेरपालट वेगळी. एका हंगामात मळणीला सगळ्या वाफ्यांचा गहू एकाच ढिगात गेला. वर्षाची वाट लागली! ढिगाशेजारी बसून ती चहा प्यायली आणि म्हणाली, "चला, परत पेरू."

पुढे निष्कर्ष हाती आले. दिलीपला पार्ल्याच्या एका दुकानात 'दुप्पट जस्ताचा गहू' म्हणून माल ठेवायचा होता आणि पिशवीवर ताईचं नाव हवं होतं. माझ्याच घरात बोलणं झालं.

"फरक आहे रे. पण एवढा नाही."

"तुझं काय जातंय, ताई?"

"नाव जातं ना माझं."

तो चहा न घेताच निघून गेला. नलूनं त्याचा कप उचलून ठेवला. "हरभऱ्यानंतरचा गहू खरंच चांगला आहे गं त्याचा," म्हणाली. "तेवढंच छापतो म्हणाला असता, तर नाव दिलं असतं…" पण तो पुन्हा आला नाही, आणि आजारपणात तिनं त्याला कळवू दिलं नाही.

दिवसकार्य झाल्यावर दिलीप नलूचं घर आवरायला आला, मीही मदतीला गेले. ओट्याखाली स्टीलच्या ताटात अर्धा निवडलेला गहू तसाच पडला होता, दवाखान्यात जायच्या सकाळचा. तो खाली बसला, मूठभर गहू हातात घेऊन बघत राहिला.

"सुमनताई, हा कुठला गहू?"

"बाजारातला."

"माझा का नाही घेतला तिनं?"

"तू पाठवलास कधी?"

तो ताट पुढे ओढून खडे बाजूला काढू लागला… मीही मग त्याच्यासमोर बसले.