पाय धरले

मृत्यूसमोर सगळी माणसं सारखी असतात, असं मोठमोठे लोक सांगून गेले आहेत. माझ्या अनुभवाप्रमाणे त्यांत दोन प्रकार आहेत : उकिडवं बसून पुन्हा उठता येणारे आणि न येणारे.

सासरे वारले त्याच्या दोन दिवस आधी मी सायकलीने ऑफिसला जायला लागलो होतो. ऑफिस धानोऱ्याला, घरापासून अकरा किलोमीटर. रक्तात साखर सापडल्यावर डॉक्टरांनी 'रोज थोडं चाला' एवढंच सांगितलं होतं. गिअरची सायकल आणि 'शरीर हेच खरं मंदिर' हे ऑफिसात ठोकलेलं भाषण, ही माझी स्वतःची भर! पहिल्या दिवशी मी ऐटीत गेलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शिपायाने मला खुर्चीतून उपसून काढलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मांड्यांत कुणीतरी ओली रेती भरून वरून शिवून टाकल्यासारखं वाटत होतं.

मिठाच्या गरम पाण्यात पाय बुडवून झाले. विटेचा शेक घेऊन झाला (वीट जरा जास्त तापली होती, ते दुखणं वेगळं). शेवटी वनिता, म्हणजे माझी बायको, मोहाच्या बियांचं तेल घेऊन बसली.

"कोनं सांगतलं होतं तुमाले?"

"डॉक्टरने."

"डॉक्टरनं चाला म्हटलं होतं! माहे बाबा सत्तरीपर्यंत मासोळ्यांची टोपली घेऊन सायकलनं चार गावं फिरत. कधी हूं का चूं नाई केलं."

तेवढ्यात फोन वाजला. तिचे बाबा गेले होते.

वडशाजवळच्या त्या गावात आम्ही पोचलो, तेव्हा अंगणात सासऱ्यांना आंघोळ घालत होते आणि परसात माझे दोघे साळे आईची वाटणी करत होते. वाटणीत सहसा प्रत्येकाला जास्त हवं असतं. इथे उलट होतं.

"माह्या घरी जागा कुठी आहे?" मोठा शंकर म्हणाला.

"माही बायको बिमार राह्यते," धाकटा दिवाकर म्हणाला.

सासूबाई चार हातांवर दाराशी बसल्या होत्या. त्यांना दिसत कमी होतं, ऐकू नीट येत होतं. त्या घरात त्या एकट्या राहू शकणार नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. वनिताने माझ्याकडे पाहिलं. मी छपराकडे पाहिलं. आमच्या दोनच खोल्या आहेत, हे मी छपराला मनातल्या मनात समजावून सांगत होतो.

मग तिरडी उचलली. मागच्या उजव्या कोपऱ्याला मी. गुडघे वाकत नव्हते, त्यामुळे मी पाय लाकडासारखे टाकत, दात आवळून, डोळ्यांत पाणी आणून चाललो होतो.

"पाहा ना, जवाई कसा खचला," कुणीतरी मागे म्हणालं. "पोरायले नाई एवढं दुःख!"

तळ्याच्या पारीवर, म्हणजे बांधावर, मोहाच्या झाडाखाली विसावा होता. रिवाजाप्रमाणे चौघांनी खाली बसून तिरडी टेकवली. उठायची वेळ आली तेव्हा तिघं उठले. मी उठण्यासाठी तिरडीचाच बांबू धरला आणि सगळा भार त्यावर टाकला! तिरडी तीन कोपऱ्यांनी वर गेली, माझ्या कोपऱ्यावर खाली आली. पुन्हा उचलली. पुन्हा तेच.

"जड झाली," शंकर म्हणाला. त्याचा चेहरा उतरला.

ऋषीभाऊ पुढे आले. गावातले सर्वांत म्हातारे मासेमार. त्यांना विचारल्याशिवाय तळ्यात जाळं पडत नसे.

"काऊन, जवाईबापू?"

"पाय धरले, भाऊ," मी म्हणालो.

पाय आखडले, गोळा आला, कळ आली... मराठीत शब्दांचा दुष्काळ नव्हता. मी नेमका हाच निवडला.

"पाय धरले म्हनते!" ऋषीभाऊंनी हात जोडले. "बुढ्यानं जवायाचे पाय धरले! जीव अडकला गा त्याचा!"

"नाही हो, ती सायकल—"

"सायकल म्हनते! शंकऱ्या, बापाची सायकल भंगारात देतो म्हनत होता ना तू?"

"नाई देत, बाबा! तुही शप्पथ!"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी जोर केला, वीतभर उठलो आणि पुन्हा बसलो.

"आनखी काई राह्यलं आहे," ऋषीभाऊ म्हणाले.

दिवाकरने दारू सोडली (तेरवीपर्यंत). मी जागचा हललो नाही.

"मायचं बोला गा," ऋषीभाऊ हळूच म्हणाले.

शंकरने दिवाकरकडे पाहिलं. दिवाकरने तळ्याकडे पाहिलं. ऊन चढत होतं. सासऱ्यांच्या तोंडावर माशी बसत होती आणि मी ती एका हाताने हाकलत होतो, कारण तेवढ्या जवळ दुसरं कुणी नव्हतं.

"बोला ना! बाप उनात पडून आहे!"

"दादानं ठेवावं. तो मोठा."

"माय लहान्याकडंच शोभते. त्याचा मान राह्यते."

"मंग काय जवायाच्या घरी धाडता तिले?" ऋषीभाऊ कडाडले.

आणि मी उठलो! ताडकन, किंचाळत, तिरडीचा माझा कोपरा हातात घेऊन. बाकीच्या तिघांनी धावत आपापले कोपरे धरले, म्हणून सासरे तळ्यात जाता जाता वाचले.

 मग ऋषीभाऊ माझ्या पायांवर वाकले. "सोडले बुढ्यानं," ते म्हणाले. शंकर रडायला लागला. सुटका झाल्यावर माणूस मनापासून रडतो.

सासूबाई आता आमच्याकडे असतात. एक खोली त्यांची. आल्यागेल्याला त्या सांगतात, "माह्या मालकानं सोता जवायाचे पाय धरले, तवा यायनं मले आनलं." खरं सांगावं असं मला बरेचदा वाटलं. पण ते सांगितलं, तर त्यांना इथे कुणी आणलं, याचं उत्तर त्यांच्याकडे उरत नाही. माझ्याकडेही.

विसाव्याच्या जागी लोकांनी दगड मांडून त्याला शेंदूर फासला आहे. उशिरा चालायला लागणारी पोरं तिथे नेऊन बसवतात, आणि ती लगेच उठतात, असं ऐकतो. उठणारच. मोहाच्या बुंध्याशी लाल मुंगळ्यांचं वारूळ आहे. हे मी तेव्हाच सिद्ध करू शकलो असतो. पण मुंगळा चावला ती जागा प्रेतयात्रेत दाखवण्यासारखी नव्हती.