आटवलेली नदी

चूक माझीच. पन्नाशीला आलेल्या मी, चार मित्रांनी वाहवा करावी म्हणून एक अख्खी नदी आटवली.

नदी खेळातली होती, पण पाप खरं. फासे टाकत राजे-राक्षसांची गोष्ट पुढे न्यायचा हा खेळ आम्ही जळगावात दर रविवारी खेळतो; गोष्ट मी चालवतो. धुळ्यात झेरॉक्सचं दुकान असलेले एक गृहस्थ तिकडे तसाच खेळ चालवतात. दोन्ही खेळांतल्या राज्यांतून एकच नदी वाहते. वर आमचं राज्य, खाली त्यांचं. तिच्या दंतकथाही सामायिक. नियम एकच: नदीला हात लावण्याआधी दुसऱ्याला विचारायचं.

काहीही सांगण्याआधी ते "थांबा, वहीत बघू द्या" म्हणतात. माझ्याच गोष्टीतला नावाडी कोणत्या डोळ्याने आंधळा, हे मला आठवत नाही. त्यांच्या वहीत असतं. मी त्यावर हसायचो.

नदी आटल्यावर त्यांचा फोन येईल म्हणून मी उत्तरं घोकून ठेवली. फोन आलाच नाही. महिन्याने धुळ्याला गेलो, तर त्यांचे खेळाडू गोष्टीतल्या कोरड्या पात्रात पाण्यासाठी झिरे खणत होते. वहीत लिहिलं होतं: 'नदी आटली. वर काही अडचण असेल.'

"मला विचारलं का नाही?"

त्यांनी पेन्सिल कानावर ठेवली. "नदी बठ्ठासनी शे, भाऊ, सगळ्यांची. तुम्ही उगाच आटवाल का?"

कॉपी करताना सापडलेल्या पोरासारखा मी सगळ्यांसमोर उभा राहिलो.

"अडचण काही नव्हती. मिरवायला आटवली, तुम्हाला न विचारता. चुकलो, भाऊ. माफ करा."